१५ वॉट म्हणजे हळू आवाज नव्हे

पत्र: दीड वर्ष इलेक्ट्रिक गिटार वाजवतोय. तीन सिंगल कॉइल पिकअपची (तारांची थरथर टिपणाऱ्या एकेरी वेटोळ्यांची) गिटार आहे आणि ६ इंची स्पीकरचा १० वॉटचा छोटा अ‍ॅम्प. त्याचा आवाज डब्यातून आल्यासारखा येतो. वाजवायला वेळ मिळतो तो रात्री नऊनंतर, आणि तेव्हा पलीकडच्या खोलीत मुलगी झोपलेली असते. दुकानात १५ वॉटचा ट्यूब अ‍ॅम्प (काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा) ऐकला, तेव्हापासून तोच डोक्यात आहे. मित्र म्हणतो, ५० वॉटचा मॉडेलिंग अ‍ॅम्प (ट्यूबच्या आवाजाची चिपने नक्कल करणारा) घे. घरात ५० वॉट म्हणजे अतीच नाही का? त्यापेक्षा १५ वॉट बरा, असं मला वाटतं. पुढेमागे ड्रमरबरोबर वाजवायचा विचार आहे. आणि जुना अ‍ॅम्प बदल्यात देऊन टाकू का?

उत्तर: तुमचा हिशेब सरळ दिसतो, पण घरात तो उलटा लागतो. मुलगी शेजारच्या खोलीत झोपलेली असताना तो १५ वॉटचा ट्यूब अ‍ॅम्प तुम्हाला छळेल, आणि ५० वॉटचा मॉडेलिंग अ‍ॅम्प निमूटपणे हळू वाजेल. मित्राचं म्हणणं ऐका. का, ते आधी वॉटच्या हिशेबातून पाहू, कारण अ‍ॅम्प घेताना बहुतेकांची गल्लत तिथेच होते.

गिटारच्या अ‍ॅम्पमधला स्पीकर फार कार्यक्षम असतो. १ वॉट दिला तर समोर १ मीटरवर साधारण ९५ ते १०० डेसिबल आवाज काढतो. आपण ९७ धरू. वॉट दुप्पट केले की त्यात फक्त ३ डेसिबलची भर पडते, आणि कानाला आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॉट लागतात. या हिशेबाने १५ वॉट पूर्ण उघडले तर १ मीटरवर सुमारे १०९ डेसिबल होतात आणि ५० वॉटला ११४. फरक जेमतेम ५ डेसिबलचा. म्हणजे आवाजाच्या बाबतीत १५ आणि ५० हे सख्खे भाऊच.

आता दुसऱ्या टोकाने बघा. साध्या बोलण्याचा आवाज १ मीटरवर ६० डेसिबलच्या आसपास असतो. रात्री तुम्ही वाजवाल तो फार तर ७५ डेसिबलचा. त्यासाठी स्पीकरला सरासरी किती वीज लागेल? साधारण ६ मिलिवॉट. तारेवर पिक आपटतो त्या क्षणी आवाज एकदम उसळतो, त्यासाठी जागा ठेवायची म्हणून १५ डेसिबल जास्त धरले तरी पाव वॉटाच्या आतच काम होतं. म्हणून ‘घरासाठी किती वॉटचा घेऊ’ या प्रश्नाचं खरं उत्तर ‘कितीही’ असं आहे. बघायचं ते एवढंच, की ६ मिलिवॉटवर तो अ‍ॅम्प ऐकवतो का.

ट्यूब अ‍ॅम्प इथेच अडतो. दुकानात तुम्हाला जे आवडलं, ते बहुधा नुसत्या प्रीअ‍ॅम्पचं, म्हणजे गिटारचा बारीक सिग्नल आधी वाढवणाऱ्या भागाचं, काम नव्हतं. पुढे स्पीकर हलवायला ताकद देणाऱ्या पॉवर ट्यूबवर जोर आला की त्या सिग्नलची टोकं हळूहळू दाबायला लागतात, आउटपुट ट्रान्सफॉर्मर त्यात आपली भर घालतो, स्पीकरचा कागद जोरात हलून स्वतः थोडा फाटका आवाज काढतो, आणि हवा अंगावर येते. हे सगळं मोठ्या आवाजातच होतं. ६ मिलिवॉटवर पॉवर ट्यूब नुसत्या ऊबेला बसलेल्या असतात. राहतं ते १२एएक्स७सारख्या लहान प्रीअ‍ॅम्प ट्यूबचं डिस्टॉर्शन, म्हणजे फाटका, खरखरीत आवाज. ते वाईट नसतं, पण ज्याच्या प्रेमात पडलात तो आवाज तो नव्हे.

शिवाय नॉबची पंचाईत. १५ वॉटच्या अ‍ॅम्पचा मास्टर (एकूण आवाजाचा शेवटचा नॉब) शून्यावर ठेवलात की चिडीचूप, आणि केसभर सरकवलात की खोली भरून जाते. तुमच्या कामाचा सगळा आवाज त्या दोन-तीन मिलिमीटरमध्ये कोंबलेला असतो. तिथे नॉब नीट थांबत नाही, बोट काढताना सरकतो, आणि बऱ्याच पॉटचा (नॉबखालच्या फिरत्या भागाचा) सुरुवातीचा भाग मुळातच असमान असतो. रोज रात्री हे करून बघा, आठवड्यात वैताग येईल. ज्या जुन्या घडणीच्या अ‍ॅम्पला मास्टर व्हॉल्यूमच नाही, त्यांच्यात तर गेन, म्हणजे आवाज किती फाटावा ते, वाढवणं म्हणजेच आवाज वाढवणं.

‘मग १ वॉटचा ट्यूब अ‍ॅम्प घेतो’ असं मनात आलं असेल, तर वरचा आकडा पुन्हा बघा. १ वॉट म्हणजे ९७ डेसिबल. स्पीकर ८ इंची आणि थोडा कमी कार्यक्षम असला तरी पूर्ण उघडल्यावर तो बंद दारातून ऐकू जाणारच. दिवसा घर रिकामं असताना मजा येईल, रात्री नऊनंतर नाही.

अ‍ॅटेन्युएटर हा उपाय तुम्हाला कोणीतरी सुचवेलच. तो अ‍ॅम्प आणि स्पीकरच्या मधे बसतो आणि बरीचशी वीज उष्णतेत घालवतो. २० डेसिबल कापले तर १५ वॉटचे ०.१५ वॉट होतात, म्हणजे तरी ८९ डेसिबल. ३० कापले तर ७९, आणि तोपर्यंत आवाज मलूल झालेला असतो: स्पीकर हलतच नाही, आणि कानाचा स्वभावही आडवा येतो, त्याबद्दल पुढे लिहितो. पॉवर ट्यूब मात्र पूर्ण जोरात चालून लवकर झिजतात. तरीही घेतलात तर दोन गोष्टी सांभाळा. अ‍ॅम्पच्या मागे ४, ८ किंवा १६ ओम लिहिलेलं असतं, अ‍ॅटेन्युएटर त्याच आकड्याचा हवा. आणि ट्यूब अ‍ॅम्प स्पीकर किंवा लोड जोडल्याशिवाय कधीही चालू करून वाजवायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

ज्यांच्या घरी ट्यूब अ‍ॅम्प आधीच आहे त्यांच्यासाठी एक स्वस्तातली युक्ती. अ‍ॅम्पला इफेक्ट्स लूप (प्रीअ‍ॅम्पनंतर सिग्नल बाहेर काढून परत आत घ्यायची सोय) असेल तर सेंड आणि रिटर्न या त्याच्या दोन भोकांच्या मधे नुसता व्हॉल्यूमचा डबा किंवा व्हॉल्यूम पेडल लावा. तो दुसरा मास्टर म्हणून चालतो, आणि अ‍ॅम्पचा मास्टर दोन-तीनवर ठेवून आवाज हवा तेवढा बारीक करता येतो. पॉवर ट्यूबचा रंग याने येत नाही, पण नॉबची ती मिलिमीटरची कसरत संपते.

आता कान. १९३३ मध्ये बेल लॅबोरेटरीजमधल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी मोजून दाखवलं, की आवाज हळू होत गेला की आपल्या कानाला खर्ज सगळ्यात आधी कमी ऐकू येतो, अगदी वरचे स्वरही थोडे मागे पडतात. म्हणजे अ‍ॅम्प बदलला नाही, नॉब हलवले नाहीत, फक्त आवाज हळू केला, तरी तोच टोन बारका आणि मधल्या सुरांचाच वाटतो. दुकानात भारी वाटलेला अ‍ॅम्प घरी ‘काहीतरी हरवल्यासारखा’ वाजतो त्यातलं बरंचसं कारण हे. उलटही तेवढंच खरं: रात्री खर्ज वाढवून बसवलेला टोन ड्रमरच्या खोलीत नेलात तर नुसता घुमेल. घरचं सेटिंग आणि तालमीचं सेटिंग वेगळं ठेवायचं. मॉडेलिंग अ‍ॅम्पवर दोन्ही साठवता येतात, हा त्याचा फारसा कोणी न सांगणारा फायदा.

मॉडेलिंग अ‍ॅम्पमध्ये पॉवर ट्यूबचं दबणं, स्पीकर, डबा यांचं गणित चिपमध्ये होतं, आणि शेवटचा मास्टर फक्त तयार आवाज लहानमोठा करतो. म्हणून गेन आणि आवाज यांची फारकत होते. काहींना पॉवरचा वेगळा स्विच असतो. उदाहरणार्थ बॉस कटाना-५० ला ५०, २५ आणि अर्धा वॉट अशा पायऱ्या आहेत. अर्ध्या वॉटवर मास्टरचा नॉब मोकळेपणाने फिरवता येतो, हाच त्याचा खरा उपयोग. तो पूर्ण उघडलात तर अर्धा वॉटही घराबाहेर ऐकू जाईल, तेव्हा नावावर भुलू नका.

तुमच्या अ‍ॅम्पचा ‘डब्यातून आल्यासारखा’ आवाज वॉट कमी म्हणून येत नाही. लहान स्पीकर, लहान आणि पातळ फळ्यांचा डबा, त्यामुळे खाली खर्ज नाही आणि ३०० ते ५०० हर्ट्झच्या पट्ट्यात डब्याचाच घुमारा. १० किंवा १२ इंची स्पीकर बऱ्यापैकी मोठ्या डब्यात असला की हळू वाजवतानाही अंग येतं. टेबलावर ठेवायचे अ‍ॅम्प ही वेगळी जात. यामाहाने २०११ मध्ये टीएचआर मालिका आणली ती याच कल्पनेवर: जेमतेम ८ सेंटिमीटरचे दोन स्पीकर, गाणी ऐकायच्या स्पीकरसारखे सगळे स्वर देणारे, आणि कमी पडणारा खर्ज चिप भरून काढते. टेबलाशी बसून हळू वाजवायला ही जात मला १२ इंचीपेक्षाही सोयीची वाटते. तुम्हाला ती सुचवत नाही ती केवळ ड्रमरमुळे. ड्रमसमोर ती टिकत नाही, आवाज वाढवला की चिप खर्ज कापते. १२ इंची ५० वॉट मात्र मध्यम जोराच्या ड्रमरबरोबर चालून जातो.

ड्रमरचा बेत अजून हवेतच असेल आणि वाजवणं खरोखर रात्रीचंच असेल, तर टेबलावरचा घ्या आणि मोकळे व्हा.

हेडफोनची सोय कुठलाही अ‍ॅम्प घेताना तपासा, आणि नुसतं भोक आहे एवढ्यावर समाधान मानू नका. गिटारचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचे स्वर जवळजवळ गाळून टाकतो, डिस्टॉर्शन त्यामुळेच गोड लागतं. हेडफोन काहीच गाळत नाही. अ‍ॅम्पच्या हेडफोन आउटमध्ये स्पीकरची नक्कल नसेल तर गेन वाढवल्यावर कानात गांधीलमाशी शिरल्यासारखं होतं. आपलाच हेडफोन दुकानात न्या, गेन वाढवून पाच मिनिटं वाजवा, माशी असेल तर लगेच कळेल. हेडफोन वायरचाच हवा. ब्लूटूथच्या साध्या हेडफोनला १०० ते २०० मिलिसेकंद उशीर लागतो, तार आधी छेडली जाते आणि सूर मागून येतो. गाणं ब्लूटूथने अ‍ॅम्पला पाठवून त्यावर वाजवायला हरकत नाही, कारण तिथे गिटारचा सिग्नल वायरनेच जातो. आणि स्पीकर आउटच्या भोकात हेडफोन कधीच घालू नका. हेडफोन जाईल, आणि अ‍ॅम्प ट्यूबचा असेल तर तोही.

संगणक असेल आणि स्पीकरची हौसच नसेल, तर ऑडिओ इंटरफेस (गिटार संगणकाला जोडणारा डबा) आणि सॉफ्टवेअरमधला अ‍ॅम्प हाही रस्ता आहे. इनपुटला इन्स्ट्रुमेंट किंवा हाय-झेड असा स्विच असतो, तो दाबलाच पाहिजे, नाहीतर गिटारचे वरचे स्वर मरतात. बफर, म्हणजे संगणक एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा, १२८ सॅम्पलवर ठेवा. ४८ किलोहर्ट्झला ते एका दिशेने २.७ मिलिसेकंद होतात. जाऊन-येऊन एकूण १० च्या आत राहिलं तर बोटांना जाणवत नाही. पण दिवसभर स्क्रीनसमोर बसणाऱ्याला रात्री पुन्हा स्क्रीन उघडून गिटार वाजवावीशी वाटत नाही, ही अडचण कुठल्याच माहितीपत्रकात लिहिलेली नसते.

दुकानात ऐकायचं कसं, ते सविस्तर सांगतो, कारण खरी निवड तिथेच होते. स्वतःची गिटार आणि स्वतःची केबल न्या. दुकानातली महागडी गिटार हातात घेतलीत तर तुम्ही गिटारची परीक्षा कराल, अ‍ॅम्पची नाही. सगळे इफेक्ट आणि रिव्हर्ब (खोलीसारखा घुमारा) बंद करायला सांगा. बेस, मिडल, ट्रेबल मधोमध, १२ वाजल्याच्या जागी. गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण. आता मास्टर इतका खाली आणा की अ‍ॅम्पवरून बाजूच्या माणसाशी आवाज न चढवता बोलता येईल. विक्रेता तो वाढवायला येईल, त्याला हसून थांबवा. अ‍ॅम्पपासून १ मीटरवर बसा आणि आधी क्लीनवर (न फाटलेल्या, साफ आवाजावर) एक साधा कॉर्ड लावून सोडून द्या. सूर विरत जाताना शेवटपर्यंत गुळगुळीत जातो, की मधेच एकदम तुटतो? तुटत असेल तर आत नॉइज गेट (सिग्नल हळू झाला की तो बंद करणारी सोय) चालू आहे, तो बंद करून पुन्हा ऐका. मग गेन अर्ध्यावर, आणि गिटारचा व्हॉल्यूम १० वरून ६ वर आणा. चांगला अ‍ॅम्प इथे साफ होत जातो, खरखर उतरते आणि कॉर्डमधला एकेक सूर सुटा होतो. वाईट अ‍ॅम्प तेवढाच घाण राहून फक्त हळू होतो. हळू वाजवणाऱ्यासाठी याच्याइतकी दुसरी चांगली परीक्षा नाही. शेवटी काहीही न वाजवता तारांवर हात ठेवा आणि अ‍ॅम्पची स्वतःची फिसफिस ऐका. दुकानाच्या गोंगाटात जी जेमतेम जाणवते, ती रात्री खोलीत नकोशी होते. अंगभूत पंखा असेल तर त्याचाही आवाज धरा.

जुना अ‍ॅम्प घेणार असाल तर सगळे नॉब एकदा पूर्ण फिरवा. खरखरणारा पॉट साफ करता येतो, फार घाबरू नका. ट्यूब असतील तर पेन्सिलच्या मागच्या टोकाने एकेक हलकेच टिचकी मारा. हलका टणत्कार चालेल, घंटेसारखी घणघणली तर ती ट्यूब बदलायची आहे. आत हात घालू नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट साठून राहतात.

घरी आणल्यावर अ‍ॅम्प जमिनीवर ठेवू नका. स्पीकर टॉर्चसारखा असतो, वरचे स्वर सरळ समोर जातात. तो घोट्याशी ठेवून उभं राहून वाजवलंत तर कानाला बोथट लागतं, म्हणून ट्रेबल वाढवला जातो आणि समोर बसलेल्याचे कान किटतात. खुर्चीवर किंवा टेबलावर ठेवा, थोडा मागे कलता, तोंड तुमच्या कानाकडे. अंतर निम्मं केलं की कानाला जवळजवळ ६ डेसिबल फुकट मिळतात. २ मीटरऐवजी १ मीटरवर बसलात तर पाव विजेत तेवढंच ऐकू येतं आणि पलीकडच्या खोलीला चौथाई हिस्साच पोचतो.  भिंतीतून पलीकडे जातो तो मुख्यतः खर्जच. कोपऱ्यात ठेवलात तर खर्ज फुगतो, म्हणून कोपरा टाळा, आणि मागून उघडा डबा असेल तर भिंतीपासून वीतभर तरी जागा सोडा. टेबल मुलीच्या खोलीच्या भिंतीला टेकलेलं नको. अ‍ॅम्पखाली जाड फोमचा तुकडा घाला, म्हणजे थरथर फळीतून भिंतीत उतरणार नाही.

तुमच्या सिंगल कॉइल पिकअपची घरघर नव्या अ‍ॅम्पवरही येणार. तो अ‍ॅम्पचा दोष समजू नका. गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणा. घरघर गेली, तर ती पिकअपमधून येत होती. मग फिरत्या खुर्चीवर बसून गिटारसह हळूहळू वळत जा. एका दिशेला ती अगदी बारीक होते, त्या दिशेला तोंड करून वाजवा. फोनचा चार्जर, दिव्याचा डिमर आणि संगणकाचा पॉवर अ‍ॅडॅप्टर दूर ठेवा. पुष्कळ स्ट्रॅट जातीच्या (तुमच्यासारख्या तीन सिंगल कॉइलच्या) गिटारमध्ये मधला पिकअप उलटा गुंडाळलेला असतो, तशी असेल तर पिकअप निवडायच्या स्विचच्या २ आणि ४ नंबरच्या जागी घरघर जवळजवळ संपते. केबल काढल्यावरही ती तशीच राहिली, तर मात्र अ‍ॅम्प किंवा विजेची जोडणी तपासायला हवी. घरघर जावी म्हणून प्लगची तिसरी पिन काढायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. ती अर्थिंगची पिन आहे, आणि गिटारच्या तारा अर्थला जोडलेल्या असतात. आत बिघाड झाला तर करंट तुमच्या बोटांत येतो.

मॉडेलिंग अ‍ॅम्पचा एक खरा तोटा: त्यात आवाज फार असतात. पहिला महिना फक्त तीन साठवा, एक कोरा क्लीन, एक क्रंच (थोडा फाटका), एक लीड (जास्त फाटका, सोलोसाठी). क्रंचसाठी गेन घड्याळातल्या ९ वाजल्याच्या जागेवरून सुरू करा. हळू आवाजात गेन जास्त लागतोय असा भास होतो आणि हात वाढवत राहतो, मग चुकलेली बोटं त्या गुरगुरीत लपतात. सराव कोऱ्या क्लीनवर करा, रिव्हर्बशिवाय.

जुना अ‍ॅम्प लगेच बदल्यात देऊ नका. आधी तारा नव्या घाला, गंजक्या तारांनी कुठलाही अ‍ॅम्प डब्यासारखा वाजतो. मग तोच टेबलावर चढवा, बेस आणि मिडल थोडे उतरवा आणि आठवडाभर ऐका. त्यानंतरही मन भरलं नाही तर नवा आणा, आणि जुना महिनाभर बाजूला ठेवा. नव्यात खरखर किंवा घरघर आली तर तीच केबल, तीच गिटार जुन्याला लावून बघता येईल, आणि दुकानात परत जाताना दोष नक्की कशात आहे ते तुम्हाला माहीत असेल.